आडनाव बाजूला ठेवा, दगडाला बापाचं नाव विचारा

घराण्याच्या शोधाबद्दल बरीच पत्रं साठली होती, त्यातली तीन या अंकात घेतलीत. पत्र पाठवणाऱ्यांची नावं त्यांच्या सांगण्यावरून छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई नमस्कार, मी इस्राएलमधल्या अश्दोदहून लिहितेय. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, माझे आजोबा पन्नाशीच्या दशकात अलिबागजवळच्या गावातनं इकडे आले, घरात अजून मराठी बोलतो पण लिहायला मी जरा कच्ची आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. वंशावळ करायला घेतलीय, पणजोबांपर्यंत पोचले आणि तिथं गाडी अडली. ठाण्याच्या माझ्या आतेभावाने गावच्या आपल्या कबरस्तानातले फोटो पाठवलेत, त्यात आमच्याच आडनावाच्या दोन कबरी आहेत, एकीवर हिब्रू आणि मराठी दोन्ही आहे पण साल कळत नाही, दुसरीचा दगड खाल्ला गेलाय. या आमच्याच असतील ना? डिसेंबरात येणार आहे, तेव्हा काय काय करू?

उत्तर : असतीलही आणि नसतीलही, आणि आडनावावरून तर अजिबात ठरवू नका. तुमच्या लोकांची आडनावं गावावरून पडली, किहीमचे ते केहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, झिराडचे झिराडकर, अशी शंभराच्या वर गावं निघतात. म्हणजे त्या गावात राहणारी, एकमेकांशी काही नातं नसलेली दोन-तीन घरंसुद्धा बाहेर गेल्यावर एकाच आडनावाची झाली, आणि उलटंही झालं, दोन सख्खे भाऊ वेगवेगळ्या गावांत तेलाचा घाणा टाकून बसले आणि त्यांची नातवंडं दोन आडनावांची झाली. शिवाय तेच आडनाव शेजारच्या हिंदू घरातही सापडतं. म्हणून कबरीसमोर उभं राहिलं की पहिलं बघायचं ते बापाचं नाव. हिब्रू ओळीत माणसाच्या नावानंतर ‘बेन’ आणि पुढं बाप, बाईच्या नावानंतर ‘बत’ आणि पुढं तिचा बाप. बाईचा दगड तर सोडूच नका, लोक पुरुषांच्याच कबरींचे फोटो काढत सुटतात. हिब्रूत बाप आणि खालच्या मराठी ओळीत नवरा असं असेल तर एकाच दगडात तुम्हाला माहेर-सासर दोन्ही घरं मिळाली की!

आता नावांचा घोळ. कागदावर, पलटणीत आणि गावात जे नाव चालायचं ते वेगळं, दगडावरचं हिब्रू नाव वेगळं. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर, कंपनीच्या पलटणीतले अधिकारी, टिपूच्या कैदेतनं सुटून आले आणि 1796 साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं, मशीद बंदरचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. हेच सामाजी हसाजी म्हणजे सॅम्युएल एझिकिएल, आणि हिब्रूत शमुएल बेन यहेज्केल. तीन नावं, माणूस एकच. त्यांना मृत्यू आला कोचीनला, त्यामुळे पूर्वज गावच्या कबरस्तानात सापडला नाही म्हणजे तो आपला नव्हेच असं समजू नका. पलटणीत बरेच जण होते, सुभेदार-जमादार झालेले, ते कुठं कुठं जाऊन मेले. दगडावर हुद्दा कोरलेला असेल तर तो जसाच्या तसा उतरवून घ्या, लष्करी पेन्शनच्या कागदात त्या हुद्द्याचा उपयोग होतो. तर आजीला, मोठ्या आत्याला वगैरे आत्ताच विचारून ठेवा, पणजोबांना घरात काय हाक मारायचे, इसाजी की आयझॅक, आबाजी की अब्राहम, दोन्ही लिहून घ्या. आणि आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत आहे म्हटल्यावर अब्राहम बेन आयझॅक, मग आयझॅक बेन अब्राहम, मग परत अब्राहम बेन आयझॅक, असं चालू राहतं. मग नुसती दोन नावं जुळली म्हणून नाचायचं नाही, साल बघायचं.

साल काढायची रीत सोपी आहे, तुम्हाला हिब्रू वाचता येतंच म्हणून अर्धं काम झालं. आकडे अक्षरांत कोरलेले असतात आणि वरचे पाच हजार बरेचदा लिहीतच नाहीत. समजा ताव, रेश, नून दिसले तर 400 अधिक 200 अधिक 50, झाले 650, म्हणजे 5650. त्यातनं 3760 वजा केले की 1890. पण थांबा, हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं, त्यामुळे महिना किस्लेव्ह असेल तर ते 1889 चं नोव्हेंबर-डिसेंबर झालं, 1890 नव्हे. आणि दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून संध्याकाळी गेलेल्या माणसाची सरकारी तारीख आणि दगडावरची तारीख एका दिवसाने वेगळी निघाली तर भांडत बसू नका. झिजलेल्या दगडावर ‘हे’ आणि ‘खेत’ या अक्षरांत हमखास गोंधळ होतो, सालात तेच शेवटचं अक्षर असेल तर 5 की 8, तीन वर्षांचा फरक. दालेत आणि रेशचंही तसंच, पण तिथं एक सोय आहे, मोठा आकडा आधी येतो, त्यामुळे तावच्या नंतर लगेच दिसतंय ते बहुतेक रेश. मराठी ओळीत शके दिलं असेल तर 78 मिळवा.

खाल्ल्या गेलेल्या दगडाचं काय? तो वाचायचा हट्ट लोक भलताच करतात. तारेचा ब्रश, अॅसिड, कोळसा, खडू, आणि हल्ली कुठनं तरी आलेलं पीठ चोळायचं फॅड, यातलं काहीही करू नका, जांभा दगड आणि चुन्याचा गिलावा दोन्ही नाजूक असतात आणि पिठावर बुरशी धरते. साधं पाणी, मऊ ब्रश, बस. खरी जादू उजेडाची असते. दुपारी बारा वाजता गुळगुळीत दिसणारा दगड सकाळी सात-साडेसातला, ऊन आडवं पडलं की बोलायला लागतो. तेवढ्या लवकर पोचता आलं नाही तर कुणाला तरी आरसा धरायला लावा आणि उजेड बाजूने पाडा, नाहीतर अंधार पडताना मोबाईलचा टॉर्च दगडाला टेकवून तिरका मारा आणि चार बाजूंनी चार फोटो काढा. आणि नुसता अक्षरांचा क्लोजअप नको, आख्खी कबर, तिच्या डावी-उजवीकडच्या कबरी, पायाकडच्या, सगळ्याचा एक कच्चा नकाशा वहीत काढा. वाचता न येणाऱ्या कबरीच्या शेजारी जर तुमच्या पणजीचं नाव असलेली कबर निघाली तर ती मुकी कबर कुणाची याचा अंदाज तरी बांधता येतो. अंदाज म्हणूनच लिहायचा बरं का, पुढं प्रश्नचिन्ह टाकून.

डिसेंबर निवडलात ते बेस झालं, पावसाळ्यात त्या बाजूला कमरेएवढं गवत आणि विंचू-साप. फक्त शनिवारी, शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, जाऊ नका, तुम्हाला सांगायची गरज नाही पण बरोबर येणाऱ्या मुंबईच्या मित्रांना वीकेंडच दिसतो. आधी अलिबागच्या इस्रायल आळीतल्या मागेन आबोथमध्ये नाहीतर रेवदंड्याच्या बेथ एलमध्ये, या दोन्ही सिनेगॉगांपैकी कुठंही, निरोप द्या, किल्ली कुणाकडे, राखणदार कोण, हे तिथनंच कळेल. जमल्यास कुणाकडच्या मलिद्याला, त्या प्रसादाच्या विधीला, बसा. पोहे-गूळ-खोबरं खाता खाता म्हातारी माणसं जे बोलतात ते रेकॉर्ड करून ठेवलंत तर दहा दगडांचं काम होईल.

कागदांची बाजू थोडक्यात. रायगड हे जिल्ह्याचं नाव 1981 पासूनचं, त्याआधीच्या सगळ्या कागदांवर ‘कुलाबा’ सापडेल, तो मुंबईतला कुलाबा नाही, इस्राएलमधल्या नातेवाइकांनी त्यावरून ‘आमचे आजोबा साऊथ मुंबईचे’ अशा गोष्टी रचलेल्या मी ऐकल्यात. मुरुड-श्रीवर्धनकडचं घर असेल तर ते 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात होतं, त्यामुळे दफ्तर वेगळं. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना 14 आणि कोतवाल बुकात असतात, मराठा-कुणबी नोंदींच्या शोधामुळे आता तलाठ्यालाही ही नावं पाठ झालीत, जुनी पानं मोडीत असतात म्हणून मोडी वाचणारा माणूस आधीच गाठून ठेवा. शिवाय सिनेगॉगचं लग्नाचं रजिस्टर, आणि घरात कुणाच्या ट्रंकेत केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, असेल तर सोन्याहून पिवळं, त्यात वराचा आणि वधूचा दोघांचाही बाप असतो.

एक शेवटचं, जरा कडवट वाटेल. नवगावच्या जुन्या कबरस्तानात, जिथं तुमच्या समाजाच्या पहिल्या पूर्वजांच्या फुटलेल्या जहाजातल्या बुडालेल्या लोकांना पुरलं असं परंपरा सांगते, तिथल्या जुन्यात जुन्या कबरींवर अक्षर नाही. हिब्रू लिहिणं-वाचणं समाजात पसरलं ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, जॉन विल्सन यांनी मराठीतनं हिब्रू व्याकरण छापलं ते 1832 साली. त्यामुळे त्या जहाजातनं वाचलेल्या सात जोडप्यांपर्यंत तुमची वंशवेल सलग लावून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला हात जोडा आणि चहा पाजून वाटेला लावा. पणजोबांच्या मागे दोन पिढ्या पक्क्या मिळाल्या तरी भरपूर झालं. नवगावला जा मात्र जरूर.

प्रश्न : आम्ही जत तालुक्यातले लिंगायत. मळ्याच्या कडेला चार-पाच समाध्या आहेत, नाव-गाव काही नाही, आजी फक्त ‘थोरल्यांच्या’ म्हणायची. आता भावकीत वाटण्या व्हायच्यात आणि चुलते म्हणतात ते तुमचे, तुमच्या वाटणीत घ्या. कुणाच्या आहेत ते शोधता येईल का?

उत्तर : वाटणीचं तुम्ही आणि चुलते बघा, त्यात मी पडत नाही. शोधायचं म्हणाल तर तुमच्यासाठी समाधीपेक्षा हेळवी कामाचा. सुगी झाल्यावर बैल घेऊन येतो, कन्नड वहीतनं घराण्याची नावं वाचतो, तोच. आपण काय करतो, पायली-दोन पायली धान्य देतो, नव्या बाळाचं नाव घालायला सांगतो आणि वाटेला लावतो. यंदा आला की त्याला बसवून घ्या आणि मागची पानं वाचायला सांगा, पाच-सहा पिढ्या मागं, कोण कुठनं आलं, कुणाला मूलबाळ नव्हतं, कोण दत्तक. चुलत्यांनाही शेजारी बसवा म्हणजे नंतर ‘तुम्ही लिहवून घेतलं’ असं व्हायचं नाही. त्याच्या वहीतला क्रम आणि समाध्यांचा क्रम ताडून बघा, घडणही बघा, लिंग-नंदी कोरलेला घडीव दगड आणि नुसता मातीचा उंचवटा एका काळातले नसणार. मठाच्या स्वामींनाही विचारा, समाधीचा विधी त्यांच्याच घरच्या कुणीतरी केलेला असणार. जुने फेरफार काढा, जमीन कुणाच्या नावावरनं कुणाच्या नावावर वारसाने आली ते त्यात असतं, आणि ज्यांच्या नावावर ती होती तेच थोरले असण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : आमचं गाव नेवासे तालुक्यात, पणजोबांच्या वडिलांनी ख्रिस्ती धर्म घेतला असं ऐकून आहे. गावाबाहेरच्या कबरस्तानात क्रॉसवर नाव आणि ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ एवढंच. मूळचे आम्ही महार समाजातले. धर्म घेण्याआधीचं नाव कसं शोधायचं?

उत्तर : ते क्रॉसवर मिळणार नाही, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात बघा. नगरकडे अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून, आणि तुमच्या तालुक्यात वडाळा हे त्यांचं जुनं ठाणं. तुमच्या गावची मंडळी कुठल्या ठाण्याखाली होती ते पाळकसाहेबांना विचारा आणि रजिस्टर तिथलं बघा, नुसत्या गावच्या चर्चमध्ये शोधून हात हलवत परत येऊ नका. मृत्यूचं साल दगडावर असेल तर ते घेऊन ‘ज्ञानोदय’चे त्या वर्षीचे अंक चाळा, 1842 पासून निघत आलेलं पत्र आहे, मंडळ्यांच्या बातम्या त्यात असायच्या.

एक गोष्ट घरात विचारून घ्या, जरा नाजूकपणे. 1876 ते 78 आणि नंतर 1899-1900 अशा दोन मोठ्या दुष्काळांत कितीतरी पोरकी पोरं मिशनच्या अनाथाश्रमांत वाढली, दुसऱ्या दुष्काळातल्या काही मुली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये गेल्या. त्या पोरांची नावं-आडनावं तिथं नव्याने पडलेली असू शकतात. तुमचे पूर्वज असे आलेले असतील तर गावच्या कबरस्तानात त्यांच्या आई-बापाची कबर शोधण्यात अर्थ नाही, आश्रमाच्या दाखल्याची नोंद शोधा.

तसं नसेल, घर मूळचं त्याच गावचं असेल, तर महार वतनाचे कागद काढा. वतनं 1958 च्या कायद्याने गेली पण दफ्तर राहिलं. वतनाच्या कागदात हिस्सेदार बापाच्या नावासकट लिहिलेले असतात, आणि धर्म बदलला म्हणून शेतावरचा हक्क कुणी लगेच सोडत नसे, भाऊबंद सोडायला लावत ते वेगळं, त्याचे तंटे झाले असतील तर तेही कागदावर आलेले असतील आणि तुमच्या दृष्टीने ते फारच उपयोगी. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करताना गावाचं जुनं नाव, असल्यास, आणि सर्व्हे नंबर घालायला विसरू नका, नाहीतर ‘नोंद आढळत नाही’ असा शिक्का मारून अर्ज परत येईल.