‘सॉमलिए’चा सोमरसाशी संबंध आहे का?

प्रश्न असा आहे: फ्रेंच रेस्टॉरंटात कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाईन घ्यावी हे सांगणाऱ्या माणसाला ‘सोमेलियर’ (फ्रेंच उच्चार ‘सॉमलिए’) म्हणतात. हा शब्द आपल्या ‘सोम’वरून तिकडे गेला असेल का? आणि त्याला मराठीत काय म्हणावं?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे, संबंध नाही. ‘सोम’ हा संस्कृत ‘सु’ धातूपासून आला. सु म्हणजे पिळून रस काढणे. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातला ‘हओम’ त्याचाच भाऊ. फ्रेंच शब्दाचं मूळ मात्र ओझ्यात आहे. ग्रीक ‘साग्मा’ म्हणजे ओझं लादण्यासाठी जनावराच्या पाठीवर घालतात ते खोगीर. ते लॅटिनमध्ये गेलं, बोलीभाषेत त्याचं ‘साउमा’ झालं आणि फ्रेंचमध्ये ‘सॉम’, म्हणजे ओझं. ओझ्याच्या जनावराला फ्रेंचमध्ये आजही ‘बेत द सॉम’ म्हणतात. इटालियनमध्ये तर हाच शब्द ‘सोमा’ असा ऐकू येतो, त्यामुळे मोह होणं स्वाभाविक आहे. पण तिथेही अर्थ ओझं हाच.

मग ओझ्यावरून वाईनपर्यंत शब्द पोचला कसा? मध्ययुगात राजे आणि सरदार एका गढीतून दुसऱ्या गढीत सतत मुक्काम हलवत. सगळा सरंजाम जनावरांच्या पाठीवर असे, आणि ती जनावरं हाकणारा तो सॉमलिए. पुढे हे नाव दरबारातल्या अधिकाऱ्याकडे गेलं. वाहतुकीबरोबर चादरी-टेबलक्लॉथ, भांडी, पाव, वाईन, असा जेवणाचा जामानिमा त्याच्या ताब्यात आला. हळूहळू बाकीची कामं गळाली आणि तळघरातली वाईन तेवढी उरली. प्याला भरून देणारा अधिकारी वेगळा होता, त्याला ‘एशांसों’ म्हणत. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मराठी प्रतिशब्द शोधताना लोक पहिली उडी ‘साकी’वर मारतात. साकी म्हणजे एशांसों. सॉमलिएचं मुख्य काम ओतण्याचं नाही, सांभाळण्याचं आणि निवडण्याचं आहे.

त्या निवडीला एवढं महत्त्व का, हे फ्रेंच वाईन-यादी समोर आल्यावर कळतं. यादी बहुधा प्रदेशवार असते: बोर्दो, बर्गंडी, ऱ्होन, अल्सास, लुआर. द्राक्षाची जात बऱ्याचदा लिहिलेलीच नसते. ‘म्योर्सो’ हे बर्गंडीतल्या गावाचं नाव. तिथली पांढरी वाईन शार्दोने द्राक्षाची, हे तुम्हाला ठाऊक असेल असं गृहीत धरलेलं. ‘व्होलने’ हे तिथलंच दुसरं गाव, आणि तिथली वाईन पिनो न्वार द्राक्षाची, हेही तसंच. त्यात सालाप्रमाणे चव बदलते, म्हणून तेही पाहायचं. पॅरिसमध्ये सीनकाठी ‘ला तूर दार्जां’ नावाचं जुनं रेस्टॉरंट आहे. त्याच्या तळघरात सुमारे तीन लाख बाटल्या आणि वाईनची यादी सुमारे ४०० पानांची. १९४० साली जर्मन सैन्य येणार म्हणून तिथल्या उत्तमोत्तम बाटल्या भिंत बांधून दडवल्या होत्या. ४०० पानांतून तुमच्या पानातल्या बदकाला आणि तुमच्या खिशाला शोभेल अशी एक बाटली काढून देणं ही विद्या आहे, आणि तिचा आदर व्हायला हवा.

टेबलावरचा त्याचा एक विधीही नीट समजून घेण्यासारखा आहे. तो लेबल दाखवतो, बूच काढतो आणि यजमानाला घोटभर चाखायला देतो. आवडली का, असा तो प्रश्न नसतो. खराब बुचामुळे वाईनला कुबट, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. अशा बाटलीला फ्रेंचमध्ये ‘बूशोने’ म्हणतात. तो दोष नाही ना, एवढंच पाहायचं असतं. जुनी वाईन असेल तर ती हलक्या हाताने काचेच्या काराफमध्ये ओततात. तेव्हा बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती धरतात, म्हणजे गाळ मानेशी आला की दिसतो आणि थांबता येतं.

आता मराठीचं. ‘मद्यतज्ज्ञ’ चालणार नाही. तो वाईन बनवण्याचं शास्त्र जाणणारा, फ्रेंचमधला ‘एनोलोग’ वाटतो. अर्थाने सर्वांत जवळ जाणारा शब्द आपल्याकडे होता: आबदार. शिवकालीन अठरा कारखान्यांत आबदारखाना होता, म्हणजे पिण्याच्या पाण्याचं खातं. कंपनीच्या काळात साहेबांच्या घरी पाणी आणि वाईन सोरा नावाच्या क्षाराने गार करणारा नोकरही आबदारच. पेयाचा साठा, त्याची निगा, योग्य वेळी योग्य थंडावा, हे सगळं त्यात आहे. पण आज ‘आबदार’ म्हटलं की आपल्याला पाणीदार मोती आठवतो. माणसाच्या हुद्द्यासाठी तो शब्द पुन्हा रुजेल असं मला वाटत नाही. ऐतिहासिक कादंबरीत जरूर वापरा, नाशिकच्या वायनरीवरच्या लेखात नको.

म्हणून मूळ शब्दच घ्यावा, पण नीट लिहावा. फ्रेंचमध्ये शेवटचा ‘र’ मुका आहे आणि मधला ‘ए’ जेमतेम ऐकू येतो, तेव्हा ‘सॉमलिए’. ‘सोमेलियर’ असं र लावून लिहिलं तर एक गंमत होते: फ्रेंच कानाला ते स्त्रीलिंगी रूपाच्या जवळ जातं. हे काम करणाऱ्या बाईला तिकडे ‘सॉमलिएर’ म्हणतात आणि तिथला र उच्चारतात. मराठीत दोघांनाही ‘सॉमलिए’ म्हणायला हरकत नाही, लिंग क्रियापदातून कळतंच: सॉमलिए आला, सॉमलिए आली. विभक्तीतही अडत नाही. सॉमलिएला विचारलं, सॉमलिएने सुचवलं.