बहीण हळवी आहे, ग्रामपंचायत झेपेल का?

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. वर मोठ्या अक्षरात विचारलंय, वंश, स्त्री-पुरुष भेद आणि मनाचा कणखरपणा यांचा राजकारणातल्या सहभागावर किती परिणाम होतो. आणि खाली हळूच लिहिलंय, की गावातले बहिणीला राखीव जागेवर उभं राहा म्हणून मागे लागलेत, पण ती हळवी आहे, तिला झेपेल का. मी खालच्या प्रश्नाचं उत्तर देते, त्यात वरचं येईल.

मी दापोली तालुक्यातली. २०१२ ते २०१७ ग्रामपंचायत सदस्य होते, अनुसूचित जाती महिला राखीव जागेवर. हळवी म्हणाल तर मीही आहे. पहिल्या मासिक सभेहून आले आणि चुलीपुढे बसून रडले. सात सदस्यांत आम्ही चौघी बायका. १९९३ पासून बायकांना एक तृतीयांश जागा होत्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या वाढवून एकूण जागांच्या निम्म्या केल्या. सातात चार म्हणजे बहुमत, पण ते कागदावर. दोघींच्या खुर्चीत त्यांचे नवरे येऊन बसले. मी तोंड उघडलं तर एक जण म्हणाला, "काय गो, सही झाली ना तुझी? मग जा, पोरं येतील शाळेतून." शिवी दिली असती तर उलट बोलता आलं असतं. तो इतक्या मायेने बोलला की मी खरंच उठून घरी आले.

आता कणखरपणाचं. लोक समजतात तो उपजत असतो, कुणाकडे असतो, कुणाकडे नसतो. मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण माझ्या शेजारच्या खुर्चीत होतं. चौथी सदस्य वरच्यावाडीची, कुणबी. घरची शेती, आंब्याची कलमं, भावकी मोठी. माझ्यापेक्षा सगळं जास्त. तरी पहिली दोन वर्षं ती एक शब्द बोलली नाही. मी मात्र रडून-पडून का होईना, तिसऱ्या सभेपासून बोलायला लागले. मी शूर होते म्हणून नव्हे. आमच्या वाडीत दर १४ एप्रिलला पोरांना माईकसमोर उभं करतात. मी आठ वर्षांची असताना पहिलं भाषण केलं, अर्ध्यात विसरले, आणि वाडीने टाळ्या वाजवल्या. पुढे विहारातला महिला मंडळाचा हिशोब, २० मार्चला महाडला जायच्या गाडीची वर्गणी, बचत गटाची वही, सगळं आमच्याच हातात. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब महाडला पुन्हा आले तेव्हा बायकांशी वेगळे बोलले होते. म्हणजे ही शिकवणी जुनी आहे. त्या कुणबी बिचारीला गावकीत, म्हणजे देवळातल्या पुरुषांच्या बैठकीत, कधी पायरीवरसुद्धा बसवलं नव्हतं. तिला माईक कुणी दिला होता?

जातीने मला मागे ढकललं हे खरंच आहे. पण ढकलल्यावर जी माणसं एकत्र आली, त्यांनी बोलायला शिकवलं, हेही तितकंच खरं.

तुम्ही वंश म्हणालात. आपल्या किनाऱ्यावर मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, त्यांनी राज्यही केलं, पण आपल्याकडे माणसाची जागा ठरते ती जातीवर. वंशाचा हिशोब अमेरिकेत बघावा. तिथल्या अभ्यासकांचं जुनं गणित असं, की वेळ, पैसा आणि सभा-अर्जाची सवय ज्याच्याकडे, तो राजकारणात पुढे. या गणिताने काळ्या बायका सगळ्यात मागे असायला हव्यात. पण मतदानात त्या काळ्या पुरुषांच्या पुढे असतात. याचं एक कारण, गणितातली तिसरी गोष्ट, सवय, त्यांना चर्चमध्ये मिळाली. फॅनी लू हेमर ही मिसिसिपीतली कापूस वेचणारी बाई. ऑगस्ट १९६२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली तर त्याच दिवशी मळेवाल्याने तिला जागा सोडायला लावली. पुढच्या वर्षी तुरुंगात बेदम मारलं. तरी १९६४ मध्ये ती डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात देशासमोर बोलली. तिला सगळे कणखर म्हणतात, आणि ती होतीच. पण नाव नोंदवायला ती एकटी गेली नव्हती. बसमध्ये अठरा जण होते, आणि परतताना पोलिसांनी बस अडवली तेव्हा तिने चर्चमधली गाणी म्हटली. मला त्यात आमची महाडची गाडी दिसते.

गावाकडे येते. आपल्याकडे उमेदवार अर्ज भरायच्या आधीच ठरतो, हे तुम्हाला माहीत असेल. गावकी देवळात बसते, मुंबईचं मंडळ तिकडे चाळीत किंवा हॉलमध्ये बसतं, आणि 'बिनविरोध' ठरतं. गंमत बघा, २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. चाकरमानी मुंबईत, गाव बायकांच्या जिवावर, आणि बैठक पुरुषांची! गावकीविरुद्ध गेलं तर वाळीत टाकायची भीती. २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे, पण शेजारणीने विस्तव द्यायचा बंद केला तर पोलीस ठाण्यात काय सांगणार?

आमचा मोठा झगडा पाण्याचा झाला. टाकी वरच्यावाडीच्या डोक्यावर, आमची वाडी पाइपाच्या शेवटच्या टोकाला. पावसाळ्यात पऱ्या, म्हणजे ओढा, दुथडी भरून, आणि मेमध्ये हंड्याला हंडा. विचारलं की एकच उत्तर, "सगळ्यांना सारखंच सोडतो." मग मी अकरा दिवस पहाटे पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, जाऊन बसले. मुलीच्या गणिताच्या वहीत समास सोडून, एका बाजूला वरच्यावाडीची वेळ, दुसऱ्या बाजूला आमची. व्हॉल्व्ह फिरवणारा मला बघून रोज तोंड फिरवायचा. बाराव्या दिवशी ती कुणबी सदस्य शेण टाकायला म्हणून बाहेर पडली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. बोलली नाही काही.

सभेत मी वही वाचली. वरच्यावाडीला तासाच्या वर, आम्हाला सतरा मिनिटं, वीस मिनिटं, एक दिवस शून्य. लगेच आवाज आला, "घरी बसून लिहिलं असेल." तेव्हा ती उठली. "खरं लिवलंय तिनं. मी होते." एवढंच. दोन वर्षांतलं तिचं पहिलं वाक्य. ठराव झाला, वेळापत्रक भिंतीवर लागलं. तिचा दीर त्यानंतर दोन महिने तिच्याशी बोलला नाही. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींवर २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. बाई प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम केलं, असं त्यात निघालं. हंडा कोण वाहतं ते माहीत असेल तर याचं नवल वाटत नाही.

पण याची किंमत मोजावी लागते. पाच वर्षांत मला रक्तदाबाची गोळी लागली. "तू कणखर आहेस हो" हे वाक्य ऐकलं की मी सावध होते, कारण पाठोपाठ काहीतरी काम गळ्यात पडतं. मुंबईहून माझ्या नवऱ्याला फोन जायचे, "वहिनींना जरा आवरा." तो वडाळ्याहून मला सांगायचा आणि वर म्हणायचा, "आवरू नको." त्याने तसं म्हटलं नसतं तर मी कुठवर टिकले असते, सांगता येत नाही. २०१७ मध्ये आरक्षणाची सोडत फिरली, जागा सर्वसाधारण झाली. पाच वर्षं शिकलेली बाई घरी बसली. खुल्या जागेवर उभी राहा असं कुणी म्हटलं नाही. मी आपणहून राहिले, पडले. त्या कुणबी सदस्याने मला मत दिलं असणार असं वाटतं, पण मी विचारलं नाही.

तेव्हा बहीण हळवी आहे की नाही हे मोजत बसू नका. तिच्या मागे कोण आहे ते बघा. बचत गट, मंडळ, एखादी जाऊ, मैत्रीण, ग्रामसभेत तिच्या बाजूला येऊन बसतील अशा चार जणी आहेत का? नसतील तर निवडणुकीआधी तिला गटाच्या बैठकीत हिशोब वाचायला लावा. सभेला तिच्या जागी तुम्ही किंवा भावोजींनी जाऊन बसायचं नाही. प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, घरी सहीला आलं तर वाचल्याशिवाय सही नाही, शिपाई अंगणात ताटकळला तरी चालेल.

आणि जागा राखीव आहे म्हणता, तर दाखल्यांच्या मागे आजच लागा. बाईची जात वडिलांकडून धरतात, म्हणजे सगळे कागद माहेरचे. अनुसूचित जातीची जागा असेल तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळेच्या रजिस्टरचा उतारा बहुधा कामी येतो. लग्नानंतरचं नाव वेगळं, त्याचा कागद वेगळा काढा. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून, त्यावर जिल्ह्याच्या पडताळणी समितीची वैधता. वैधता मुदतीत दिली नाही तर निवडून आलेली बाईसुद्धा घरी जाते. माझ्या आजोबांचं नाव रजिस्टरात एका कान्याच्या फरकाने लागलं होतं, त्या कान्यासाठी मी चार वेळा रत्नागिरीला गेले.