करवतीच्या दातांच्या छपराखाली शाळा

प्रश्न : ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला १९६०च्या दशकातला एक बंद इंजिनिअरिंग कारखाना आमच्या ट्रस्टला प्राथमिक शाळेसाठी मिळतो आहे. छप्पर करवतीच्या दातांसारखं, वर राखाडी पत्रे. इतर विश्वस्त म्हणतात, पाडून नवं बांधू. मला पाडवत नाही. काय करावं?
– एक विश्वस्त, नौपाडा

उत्तर : पाडू नका. एमआयडीसी १९६२ साली इथूनच सुरू झाली आणि त्या काळच्या शेड एकेक करून जाताना मी पाहिल्या आहेत; प्रत्येक वेळी पोटात तुटलं. अशाच शेडमध्ये मी उमेदवारी केली. छपराच्या काचा उत्तरेकडे, त्यामुळे संध्याकाळी चारलाही व्हर्नियरच्या, म्हणजे सूक्ष्म मापाच्या पट्टीच्या, रेघा दिव्याशिवाय वाचता यायच्या, हातावर सावली नाही. पहिलीच्या मुलाला याहून चांगला उजेड कुठला द्याल? फक्त मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य उत्तरेला कलतो. शाळा नेमकी जूनमध्ये उघडते, म्हणून काचांवर बाहेरून झडपा बसवा.

मात्र ते पत्रे आधी उतरवा. त्या काळचे राखाडी पन्हळी पत्रे बहुतेक ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे असतात. तंतू श्वासातून फुफ्फुसात गेले की कॅन्सरचा धोका, तोही कित्येक वर्षांनी कळणारा. भंगारवाल्याला फोडू देऊ नका. पाणी मारून, बोल्ट कापून अख्खा पत्रा खाली घ्यायचा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा आणि घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवायचा. खर्च होतो, पण इथे घासाघीस नको.

प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या, टाक्या कुठे होत्या, हे जुन्या कामगारांना विचारा. तिथली फरशी उखडून खालची माती क्रोमियमसाठी तपासून घ्या. मुलं जमिनीवर बसणार आहेत. वर्गांच्या भिंती आठ फुटांवर सोडू नका, छपरापर्यंत न्या. नाहीतर एका वर्गातले पाढे चार वर्गांत ऐकू येतील. शिक्षण हक्क कायद्यातली मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आणि रॅम्प शेडमध्ये सहज बसतात. मैदानाचं तेवढं आधी मोजा. भूखंडाच्या वापरबदलाची परवानगी लेखी हातात येईपर्यंत करारावर सही नको.

इमारत तिशी ओलांडलेली असल्याने स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारकच आहे. पण इंजिनिअर येण्याआधी एक काम तुम्ही स्वतः करा. जोराची सर आली की आत जाऊन तासभर उभे राहा. दोन दातांमधल्या पन्हळीतून जिथे जिथे ठिबकेल, ती जागा नकाशावर फुलीने मांडा, त्याखालचा खांब हातोडीने हळू वाजवा. बद्द आवाज आला तर आतली सळई गंजून काँक्रीट सुटलंय. तो नकाशा इंजिनिअरच्या हातात द्या.