गृहीतक सिद्ध झालं की त्याचा वैज्ञानिक सिद्धांत होतो आणि सिद्धांत पक्का झाला की नियम, हे बरोबर आहे का?

नाही. विज्ञानात अशी बढती मिळत नाही, जरी शाळेच्या पुस्तकांतल्या बाणांच्या आकृत्या बघून तसंच वाटतं.

गृहीतक म्हणजे एखाद्या नेमक्या प्रश्नाचं तपासून बघता येईल असं संभाव्य उत्तर. सिद्धांताचा आवाका मोठा असतो. ढीगभर निरीक्षणांमागचं कारण तो एकत्र सांगतो आणि त्याच्याच आधाराने नवी गृहीतकं मांडता येतात.

मला यासाठी ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाची गोष्ट फार आवडते. युरेनस हिशेबाप्रमाणे चालत नव्हता, जरासा ढळायचा. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत बरोबर धरून ल व्हेरिएने गृहीतक मांडलं की पलीकडचा कुठलातरी न दिसलेला ग्रह त्याला ओढत असणार. तो कुठे असेल तेही गणिताने काढलं आणि बर्लिनच्या वेधशाळेत योहान गालेला पत्र धाडलं. पत्र हातात पडलं त्याच रात्री, २३ सप्टेंबर १८४६ रोजी, गालेने दुर्बीण लावली. सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला!

गृहीतक खरं ठरलं, पण म्हणून काही 'नेपच्यूनचा सिद्धांत' झाला नाही. आकाशात एक ग्रह वाढला, इतकंच. वजन वाढलं ते न्यूटनच्या सिद्धांताचं, आणि तो तर आधीपासून होताच.

बुधाचंही गणित जुळत नव्हतं. त्याची कक्षा हिशेबापेक्षा शतकाला सुमारे ४३ विकला जास्त फिरते, म्हणजे एका अंशाचा ऐंशीवा भागसुद्धा नाही. १८५९ मध्ये ल व्हेरिएने तोच डाव पुन्हा टाकला: सूर्य आणि बुधाच्या मध्ये आणखी काहीतरी आहे. त्या ग्रहाचं व्हल्कन असं बारसंही झालं. काहींना तो 'दिसला'सुद्धा, पण तो नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांतातून या ४३ विकला आपोआप निघाल्या. तरी न्यूटन काही अडगळीत गेला नाही, यानांचे मार्ग आखताना बहुतेक काम आजही त्याच्याच सूत्रांवर भागतं.

राहिला नियम. काय घडतं ते नियम सांगतो, का घडतं ते सांगणं हे सिद्धांताचं काम. ग्रह लंबवर्तुळात फिरतात हा केप्लरचा नियम १६०९ चा. ते तसे का फिरतात, हे न्यूटनने १६८७ मध्ये सांगितलं.