आफ्रिकेतला दहशतवाद धर्मामुळे की गरिबीमुळे, आणि लष्कर पाठवलं की संपतो का?

अख्ख्या आफ्रिकेवर एका दमात बोलण्यात अर्थ नाही, सोमालियाचं दुखणं वेगळं, नायजेरियाचं वेगळं. मी त्यातल्या त्यात मोझांबिकच्या काबो डेलगाडो प्रांताबद्दल सांगू शकतो, तेही का तर माझ्याकडे बीपीसीएलचे थोडे शेअर आहेत आणि तिथल्या टोटल या फ्रेंच कंपनीच्या गॅस प्रकल्पात आपल्या सरकारी कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे. प्रकल्प इतकी वर्षं का रखडला ते शोधता शोधता वाचत गेलो.

ऑक्टोबर २०१७ मध्ये मोसिंबोआ दा प्राया या बंदराच्या गावात हत्यारबंद पोरांनी पोलीस ठाण्यांवर हल्ला केला, तिथून हे सुरू झालं. लोक त्यांना अल शबाब म्हणतात पण सोमालियातले ते हे नव्हेत, आयसिसचा शिक्का नंतर लागला. धर्म आहेच, नाही म्हणत नाही. त्याआधी बरीच वर्षं हा कडवा पंथ मशिदींमधून भांडणं काढत होता आणि तिथलेच मौलवी सरकारला सांगत होते की यांच्याकडे लक्ष द्या. पण पोरं या पंथाकडे का गेली? किनाऱ्यावरचे म्वानी लोक मच्छीमार आणि मुसलमान, आणि सत्ताधारी फ्रेलिमो पक्षातली त्या प्रांतातली वजनदार मंडळी बरीचशी वरच्या पठारावरच्या माकोंदे जमातीची. मोंतेपुएझला माणकं सापडली तर २०१७ च्या सुरुवातीला हातानं खणून पोट भरणाऱ्यांना पोलिसांनी मारून हाकललं. गॅस प्रकल्पाच्या जागेसाठी आफुंगीतली वस्ती उठवली. थोडक्यात सरकार दिसतं ते दंडुका घेऊनच. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने (यूएनडीपी) २०१७ मध्येच आफ्रिकेतल्या अशा गटांत गेलेल्यांना विचारलं होतं, तर ७१ टक्के लोकांनी सरकारी कारवाईच, म्हणजे घरातल्या किंवा ओळखीतल्या कुणाला मारलं, उचलून नेलं असलं काहीतरी, गटात शिरायचं शेवटचं निमित्त म्हणून सांगितलं.



आता लष्कराचं. २०१९ मध्ये रशियाचे वॅग्नरवाले, म्हणजे भाडोत्री सैनिक, आले, मार खाऊन काही महिन्यांत गेले. मार्च २०२१ मध्ये गॅस प्रकल्पाजवळच्या पाल्मा गावावर हल्ला झाला, टोटलने काम बंद केलं. जुलैत रवांडाने हजारभर सैनिक पाठवले आणि वर्षभर हातातून गेलेलं मोसिंबोआ महिन्याभरात परत मिळालं, म्हणजे लष्कराने काहीच होत नाही असं म्हणणंही खोटंच. रवांडाचे सैनिक शिस्तीचे, त्यातल्या बऱ्याच जणांना स्वाहिली येतं, गावकऱ्यांशी बोलतात. मोझांबिकचे स्वतःचे जवान बरेचसे दुसऱ्या प्रांतांतले, भाषा येत नाही, वर लुटालुटीचे आरोप. पण बंदोबस्तात गॅसच्या आसपासच्या भागाला झुकतं माप मिळालं, मग ते गट छोट्या टोळ्या करून दक्षिणेला अंकुआबे, शिउरेकडे सरकले, मे २०२४ मध्ये तर माकोमिया शहरात घुसले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये टोटलने काम थांबवल्याची घोषणा मागे घेऊन ते परत सुरू करतोय असं जाहीर केलं, शेअरवाल्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. पण माझं मत विचाराल तर आधी किनाऱ्यावरच्या म्वानी पोरांना पोलिसात आणि प्रकल्पात कायमच्या नोकऱ्या द्यायला पाहिजेत. सध्या सरकारने ज्या गावरक्षक दलांना बंदुका दिल्यात त्यांत माकोंदे माजी सैनिक बरेच आहेत, आणि त्या बंदुका उद्या शेजारच्या म्वानींवर रोखल्या गेल्या तर रवांडाचं सैन्यही काही करू शकणार नाही.