बीपी असताना मीठ खायला का सांगितलं?

प्रश्न : माझी धाकटी जाऊ ३६ वर्षांची. दोन वर्षं तिला मधूनच डोकं ठणकायचं, दरदरून घाम फुटायचा, छातीत धडधडायचं. त्या वेळी बीपी २२०, अर्ध्या तासाने १३०. सगळे म्हणायचे, टेन्शन घेतेस. आता किडनीवर चार सेंटीमीटरची गाठ निघाली. फिओक्रोमोसायटोमा. ऑपरेशन लगेच न करता डॉक्टरांनी दोन आठवडे प्राझोसिन दिलंय, वर मीठ वाढवायला सांगितलंय. आमचं काही चुकतंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, काही चुकत नाहीये. ‘टेन्शन’ ऐकत त्यांनी दोन वर्षं काढली, याचं मात्र फार वाईट वाटलं.

किडनीच्या डोक्यावर ॲड्रिनल ग्रंथी असते, जेमतेम चार-पाच ग्रॅमची. कुत्रं अंगावर धावून आलं की ती ॲड्रिनलीन सोडते आणि काळीज धडधडतं. ही गाठ तेच रसायन, कुत्रं नसताना, भरमसाट सोडते. त्याने रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात आणि आतलं रक्तही घटतं. प्राझोसिनने त्या सैलावल्या की भरायला रक्त पुरत नाही, उठताच चक्कर येते. ऑपरेशनमध्ये गाठ काढल्यावर तर बीपी एकदम कोसळू शकतं. म्हणून आधीच मीठ आणि भरपूर पाणी. पण डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

मी शिकाऊ असताना हर्नियासाठी टेबलावर घेतलेल्या एका काकांचं बीपी भूल देताच २६० वर गेलं. अशी गाठ आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भूलतज्ज्ञ मॅडमचा इंजेक्शन भरणारा थरथरता हात अजून डोळ्यांसमोर आहे. काका वाचले. तेव्हापासून ऑपरेशनआधीच्या या तयारीत मी एक दिवसही कमी करू देत नाही.

धडधड थांबावी म्हणून घरातली प्रोप्रानोलॉल मनाने देऊ नका. प्राझोसिनसारखी गोळी नीट लागू होण्याआधी ती दिली तर बीपी आणखी भडकतं. सर्दीच्या गोळ्याही विचारल्याशिवाय नकोत.

आणखी एक. १८८६ साली जर्मनीत फ्रायबर्गला १८ वर्षांची एक मुलगी अशाच गाठींनी दगावली. साधारण एकशेवीस वर्षांनी तिच्या घराण्यातल्या हयात माणसांत जनुकातला दोष सापडला. साधारण तिघांतल्या एका रुग्णात हा आजार आनुवंशिक असतो. तेव्हा जाऊबाईंच्या जनुक तपासणीचं डॉक्टरांशी बोला. दोष निघाला तर त्यांची भावंडं आणि मुलंही तपासून घ्यावी लागतील.