पर्यावरणपूरक वेलकम किट दिल्याने नवीन माणसं टिकतात का?

तुम्ही विचारलंय की तुमच्याकडे रुजू झालेले बरेच जण पहिल्या सहा महिन्यांतच सोडून जातात, तर पर्यावरणपूरक स्वागतभेट दिल्याने ही गळती थांबेल का, आणि द्यायचीच तर काय द्यावी. मी बरीच वर्षं एचआरमध्ये आहे आणि नवीन माणसांचं जॉइनिंग हेच माझं मुख्य काम राहिलं आहे. आधी स्पष्टच सांगते: भेटवस्तूसाठी कुणी नोकरीत थांबत नाही. पण ती कशी निवडली आणि कशी दिली, यावरून नवीन माणसाला पहिल्याच दिवशी कळतं की इथे आपली वाट पाहत होते की नुसती एक जागा भरायची होती. आणि याचा टिकण्याशी नक्कीच संबंध आहे.

मी पूर्वी जिथे होते तिथे सगळ्यांना एकच किट मिळायचं. पुनर्वापर केलेल्या पुठ्ठ्याचं खोकं, त्यात कापडी पिशवी, बांबूचं पेन, वही आणि स्टीलची बाटली, आणि प्रत्येक वस्तूवर कंपनीचा भलामोठा लोगो. आम्हाला त्या किटचा अभिमान होता. एका मुलीने चौथ्या महिन्यात राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी तिने लॅपटॉप आणि आयडी कार्ड जमा केलं आणि शेजारी ती बाटलीही ठेवली. मी म्हटलं, ही तुझीच आहे, घेऊन जा. ती म्हणाली, "राहू द्या मॅडम, नवीन कुणी आलं तर त्यांना होईल." मी झाकण उघडून पाहिलं, तर ओलावा शोषणारी छोटी पांढरी पुडी आत तशीच होती. एक घोट पाणीसुद्धा त्या बाटलीतून कुणी प्यायलं नव्हतं. एक्झिट इंटरव्ह्यूला, म्हणजे नोकरी सोडताना होणाऱ्या मुलाखतीला बसलो तेव्हा तिने सांगितलं की जॉइनिंगच्या दिवशी टेबलावर किट होतं, पण लॅपटॉप मिळाला नवव्या दिवशी, आणि मॅनेजर तो पूर्ण आठवडा रजेवर होते. "खोकं तयार होतं, पण मी येणार हे टीममध्ये कुणाला माहीतच नव्हतं." तिचं हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

या विषयावर एक अभ्यास आहे, तो तुमच्या प्रश्नाला अगदी लागू पडतो. विप्रोच्या कॉल सेंटरमध्ये नव्याने आलेल्या लोकांवर केलेला हा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचं इंडक्शन, म्हणजे रुजू झाल्यावरची ओळख आणि प्रशिक्षण, दिलं. दुसऱ्या गटाला कंपनीची मूल्यं आणि कंपनीचा अभिमान यांवर भर देऊन कंपनीच्या नावाचा स्वेटशर्ट दिला. तिसऱ्या गटाला आधी विचारलं की तुम्ही कशात चांगले आहात, तुमचं सर्वोत्तम काम कधी होतं. आणि मग त्यांना स्वतःचं नाव घातलेला स्वेटशर्ट आणि बॅज दिला. पुढच्या सहा-सात महिन्यांत सर्वांत कमी गळती तिसऱ्या गटात झाली. नेहमीच्या इंडक्शनवाल्यांमध्ये सोडून जाण्याचं प्रमाण त्यांच्यापेक्षा सुमारे ४७ टक्क्यांनी जास्त होतं. म्हणजे स्वेटशर्ट दोन गटांना मिळाला होता. फरक पडला तो त्यावर कुणाचं नाव होतं आणि तो देण्याआधी काय विचारलं होतं याने. एकट्या स्वेटशर्टला याचं श्रेय देता येणार नाही, तो त्या संभाषणाचा भाग होता. पण तुम्ही भेटवस्तू बनवून देणाऱ्या व्हेंडरला लोगोची फाइल पाठवण्याआधी हा प्रयोग जरूर लक्षात घ्या.

त्यापेक्षा रोख बोनस का देऊ नये, असं कुणी म्हणेल. जर्मनीत थोड्या तासांच्या कामासाठी बोलावलेल्या लोकांवर असा प्रयोग झाला होता, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना ठरलेल्या मजुरीवर ७ युरो जास्त दिले, तर काहींना तेवढ्याच किमतीचा थर्मास दिला. जास्तीच्या पैशांनी कामात फारसा फरक पडला नाही, थर्मासवाल्यांचं काम मात्र सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं. कुणीतरी आपल्यासाठी वेळ काढला, हे लोकांपर्यंत पोचतं. पण हा काही तासांचा परिणाम आहे, सहा महिन्यांचा नव्हे. पगार बाजारापेक्षा कमी असेल किंवा मॅनेजर चारचौघांत अपमान करत असेल, तर कुठलाही थर्मास पुरा पडणार नाही. तिथे आधी ते दुरुस्त करा.

आता पर्यावरणाचं. इथे मला मनापासून वाईट वाटतं, कारण 'इको' म्हणून विकलं जाणारं पुष्कळ काही नावापुरतंच असतं. कापडी पिशवी घ्या. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये पिशव्यांचा उत्पादनापासून विल्हेवाटीपर्यंतचा हिशोब मांडला. फक्त हवामानावरचा परिणाम पाहिला तरी साधी सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरली तरच ती दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते, आणि सेंद्रिय कापसाची असेल तर १४९ वेळा. ज्याच्या घरी आधीच पाच पिशव्या पडून आहेत, त्याला सहावी देऊन आपण कुणाचं भलं करतो?

बांबूच्या मगांपासून तर जपूनच राहा. अशा बऱ्याच मगांमध्ये बांबूची नुसती भुकटी असते आणि ती मेलामाइन नावाच्या प्लास्टिकमध्ये मिसळलेली असते. गरम पेय ओतलं की त्यातून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड झिरपू शकतं; युरोपीय देशांनी २०२१ पासून अशा भांड्यांविरुद्ध मोहीमच उघडली. मक्यापासून बनलेल्या 'विघटनशील' प्लास्टिकचं पेनही घरच्या कुंडीत पुरून कुजत नाही. त्याला ६० अंशांच्या आसपास तापमान राखणारा औद्योगिक कंपोस्ट प्रकल्प लागतो. नवीन माणूस हुशार असतो, हे त्याला माहीत असण्याची शक्यता आहे. मग कंपनी जे बोलते ते खरं असतं का, अशी शंका पहिल्याच दिवशी मनात येते, आणि ती बाकी सगळ्या आश्वासनांनाही चिकटते.

हल्ली आम्ही काय करतो ते सांगते. ऑफर स्वीकारल्यावर उमेदवाराला एक छोटा फॉर्म जातो. कार्डावर नाव कसं हवं, इतर लोक कोणत्या नावाने हाक मारतात, डाव्या हाताने लिहिता का, आणि आम्ही देतो त्या वस्तूंपैकी तुमच्याकडे आधीच काय आहे. शेवटी 'काहीही नको' हाही पर्याय असतो, आणि तो निवडला म्हणून कुणी नाराज होत नाही. ज्याला बाटली हवी त्याला स्टीलची बाटली मिळते, त्यावर त्याचं नाव कोरलेलं, लोगो असलाच तर तळाशी. प्लास्टिकचं वेष्टण नाही, खोकं नाही. सोबत मॅनेजरने हाताने लिहिलेली चिठ्ठी असते, आणि त्यात निदान एक ओळ त्या माणसाच्या मुलाखतीतल्या एखाद्या उत्तराबद्दल हवीच, असा माझा हट्ट आहे. मॅनेजर कुरकुरतात. मी चिठ्ठी मिळेपर्यंत त्यांच्या टेबलाशी उभी राहते. लॅपटॉप आणि लॉगिन एक दिवस आधी तपासून ठेवतो, आणि पहिल्या दिवशी जेवायला सोबत कोण जाणार हे आधीच ठरलेलं असतं.

एका मुलाच्या नावाचं स्पेलिंग शाळेपासून सगळीकडे चुकत आलेलं होतं. फॉर्ममध्ये त्याने ते बरोबर लिहून दिलं आणि आम्ही तसंच कोरून घेतलं. बाटली हातात आल्यावर त्याने नावावरून दोनदा अंगठा फिरवला. तो आजही आमच्याकडे आहे. बाटलीमुळे आहे असं मी म्हणणार नाही, पण ती रोज त्याच्या कीबोर्डशेजारी असते आणि तिच्या कडेचा रंग आता उडालाय.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर शंभर-दोनशेची ऑर्डर एकदम देऊ नका. पुढच्या बॅचपुरतं करा. नव्वदाव्या दिवशी आम्ही प्रत्येकाला तीन प्रश्न विचारतो: काम सांगितलं होतं तसंच निघालं का, अडलं तर कुणाकडे जाता, आणि दिलेल्यापैकी काय वापरता. पहिल्या दोन उत्तरांवरून मॅनेजरशी बोलतो. तिसऱ्यात ज्या वस्तूचं नाव कुणीच घेत नाही, ती पुढच्या ऑर्डरमधून काढतो. आतापर्यंत पिशवी गेली, पेन गेलं, वही गेली. बाटली आणि चिठ्ठी राहिली आहे.